कर पंपावर घ्या, टॉवरवर नको

छोट्या विमानांवरच्या कराबद्दल लिहितोय म्हटल्यावर घरातल्यांच्या प्रतिक्रिया काय येणार ते मला ठाऊक आहे. काका म्हणतील, "ज्याला विमान परवडतं त्याला कर परवडत नाही होय रे?" वहिनी म्हणेल, "आधी इकडे गॅस सिलिंडरचं काय झालंय ते बघ." दोघांचंही बरोबर आहे. खाजगी विमान म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते पांढरंशुभ्र जेट, पायऱ्यांवर काळा चष्मा लावलेला एखादा उद्योगपती आणि खाली हात बांधून उभी असलेली चार माणसं. त्या जेटबद्दल मला काडीचंही प्रेम नाही. त्यांच्यावर काय तो कर लावा, मी टाळ्या वाजवीन.

मी बोलतोय ते सेसना १७२ सारख्या विमानांबद्दल. हे मॉडेल १९५६ साली पहिल्यांदा बाजारात आलं आणि अजूनही बनतं. चार माणसं बसतात (मागची दोन सडपातळ असलेली बरी), एक इंजिन, आणि आत बसल्यावर आपल्या जुन्या फियाटची आठवण यावी असा एकंदर थाट. इथे अमेरिकेत अशी विमानं हजारोंनी आहेत आणि त्यातली बरीचशी चाळीस-पन्नास वर्षं वयाची आहेत. त्यांच्यावर पोरं विमान चालवायला शिकतात. शेतांवर औषध फवारणारे, अलास्कात जिथे रस्ताच नाही तिथे टपाल नि किराणा पोचवणारे, वणवा कुठवर आलाय ते वरून बघणारे हे सगळे याच जातकुळीतल्या किंवा याहून थोड्या मोठ्या विमानांवर जगतात. मालक म्हणजे बहुतेक वेळा दोन-तीन विमानं, एक मेकॅनिक आणि हिशोब बघणारी बायको असा संसार. मी स्वतः अधूनमधून तासाच्या भाड्याने विमान घेऊन उडतो, त्यामुळे हे लोक जवळून पाहिले आहेत. (आईला हे आवडत नाही. असो.)

तर आता मुद्द्यावर येतो. नमनालाच घडाभर तेल गेलं, पण लेख तेलाबद्दलच असल्यामुळे चालून जाईल.

अमेरिकेत हवाई वाहतुकीचा सगळा कारभार एफएए म्हणजे फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याकडे आहे. नियम करणं, विमानं आणि वैमानिक तपासणं, रडार आणि टॉवर चालवणं, विमानतळांना धावपट्टी दुरुस्तीला पैसे देणं, सगळं एकाच छपराखाली. याचा बराचसा खर्च एका वेगळ्या निधीतून होतो. तो निधी १९७० साली कायद्याने स्थापन झाला. त्यात पैसे येतात ते देशांतर्गत तिकिटावरच्या ७.५ टक्के करातून, मालवाहतुकीवरच्या ६.२५ टक्क्यांतून, आणखी काही आकारांतून, आणि इंधनावरच्या करातून. कमी पडतं ते सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून येतं.

छोट्या विमानाच्या मालकाचा संबंध येतो तो इंधनावरच्या कराशी. पिस्टन इंजिनाच्या विमानाला लागणाऱ्या पेट्रोलवर, ज्याला इथे अ‍ॅव्हगॅस म्हणतात, गॅलनमागे १९.३ सेंट. खाजगी जेट किंवा टर्बोप्रॉपच्या इंधनावर २१.८ सेंट. एअरलाइन्सना मात्र इंधनावर फक्त ४.३ सेंट, कारण त्यांचा मुख्य कर तिकिटातून गोळा होतो. सेसना १७२ तासाला साधारण आठ-नऊ गॅलन पिते. म्हणजे तासाभराच्या उड्डाणामागे दीड ते पावणेदोन डॉलर सरकारजमा. छोट्या विमानतळावर स्वयंसेवा पंप असतो. कार्ड घासायचं, नळी ओढायची, टाकी भरायची, निघायचं. कराची पावती नाही, फॉर्म नाही, कारकून नाही. जो जास्त उडतो तो जास्त भरतो, जड विमानवाला आपोआप जास्त भरतो. कर भरला हे कळतसुद्धा नाही, आणि चुकवायला जागाही फारशी नाही.

इतकी साधी गोष्ट बदलायची कशाला? तर एअरलाइन्सची एक जुनी तक्रार आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. २००७ च्या सुमारास एफएएने एक हिशोब मांडला. हवाई नियंत्रणाच्या खर्चातला साधारण १६ टक्के वाटा बिगर-एअरलाइन विमानांमुळे होतो, आणि ती निधीत भरतात जेमतेम ३ टक्के, असा तो हिशोब होता. एअरलाइन्स म्हणाल्या, आमचा प्रवासी या श्रीमंतांच्या खेळाचे पैसे का भरतो?

वरवर पाहता बिनतोड. पण खर्चाची वाटणी करताना एक गोम असते. समजा तुमच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही पाचशे पानांचं कार्यालय घेतलं, आचारी बोलावला, मांडव घातला. शेजारचा गण्या येऊन एक जिलबी खाऊन गेला. आता गण्याचा खर्च किती? एका जिलबीचा, की कार्यालयाच्या भाड्याचा पाचशे एकावा हिस्सा? रडारं, टॉवर, कंट्रोलरांच्या पाळ्या हे सगळं उभं राहिलं ते शिकागो, अटलांटा, न्यूयॉर्क असल्या ठिकाणी एकाच तासात शंभर मोठी विमानं उतरवायची असतात म्हणून. सेसनावाला त्या गर्दीत जातच नाही. उद्या सगळी छोटी विमानं भंगारात घातली तरी त्या टॉवरचं वीजबिल कमी होणार नाही. आणि त्या १६ टक्क्यांतला मोठा भाग जेट आणि टर्बोप्रॉप यांचाच होता. पिस्टनवाल्यांचा वाटा त्याहून बराच कमी.

तर त्या वर्षी बुश सरकारने प्रस्ताव आणला. अ‍ॅव्हगॅसवरचा कर १९.३ वरून एकदम ७०.१ सेंट करायचा, आणि एअरलाइन्सचा तिकीट कर काढून त्याजागी वापरशुल्क लावायचं. सेनेटच्या विधेयकात जेट-टर्बोप्रॉपच्या प्रत्येक उड्डाणाला २५ डॉलर होते. पुढे ओबामा सरकारने २०११ मध्ये प्रत्येक उड्डाणाला १०० डॉलर सुचवले, आणि नंतरच्या अर्थसंकल्पांतही तो प्रस्ताव डोकावत राहिला. पिस्टन विमानांना त्यात सूट होती, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. दोन्ही सरकारं वेगवेगळ्या पक्षांची, पण मोह तोच!

शंभर डॉलर ही रक्कम जरा उलगडून बघू. सेसना कॅरव्हॅन नावाचं एक इंजिनाचं टर्बोप्रॉप असतं, नऊ-दहा माणसं बसतात. एखादा छोटा धंदेवाईक स्वतःच्या कामासाठी ते अर्धा तास उडवतो. पंचवीसेक गॅलन जळतात, कर होतो पाच-साडेपाच डॉलर. शुल्क लागलं असतं तर शंभर. आणि चारशे माणसं घेऊन किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या जंबोलाही शंभरच! बैलगाडीला आणि मालगाडीला एकच टोल. जंबोवाल्याच्या माणशी चार आणेसुद्धा... म्हणजे पंचवीस सेंट हो... आणि कॅरव्हॅनवाल्याच्या माणशी दहा डॉलर.

वसुलीचा भाग वेगळाच. इंधनाचा कर वरच्यावर, घाऊक पातळीवर गोळा होतो. प्रत्येक उड्डाणाचं बिल करायचं म्हटलं तर कोण कुठून कुठे गेलं याची नोंद, बिलं छापणं, पाठवणं, तक्रारी, थकबाकी, वकील. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणि हा मसाला दळायला जे नवं खातं उघडेल ते एकदा उघडलं की बंद होणार नाही, हे आपल्याला सांगायला नको.

पण माझा खरा आक्षेप पैशांवर नाही. तो पुढे आहे.

स्वच्छ हवेत छोट्या विमानाचा वैमानिक डोळ्यांनी बघत उडतो. बऱ्याच भागात त्याने कंट्रोलरशी बोललंच पाहिजे असं बंधन नसतं. पण तो रेडिओवर विनंती करू शकतो की बाबा रे, जरा लक्ष ठेव माझ्यावर. कंट्रोलरला वेळ असेल तर तो रडारवर त्याला ओळखतो, आणि मग "तुझ्या उजवीकडे तीन मैलांवर विमान आहे", "पुढे जोराचा पाऊस दिसतोय" असं सांगत राहतो. इंजिन बंद पडलं तर जवळची धावपट्टी कुठे ते सांगतो, आणि आवाज आला नाही तर शोध घ्यायला माणसं पाठवतो. निघण्याआधी फोन करून हवामान विचारता येतं. टॉवर असलेल्या ठिकाणी उतरून सराव करता येतो. या सगळ्याला आज एक पैसाही पडत नाही. म्हणजे पडतो, पण तो पंपावर आधीच भरलेला असतो.

आता याच प्रत्येक संभाषणाला किंमत लावा. वीस वर्षांचा पोरगा, कर्ज काढून शिकतोय, तासाचं भाडं दीडशे-दोनशे डॉलर. समोर ढग जमा होतायत. बोलावं की नको? बोललो तर बिल येईल. थोडं पुढे जाऊन बघू... या "थोडं पुढे जाऊन बघू"मध्येच माणसं मरतात. मरणाऱ्या वैमानिकाने शेवटच्या क्षणी कंजूषपणा केला असं कुठे नोंदवलेलं नसतं. पण ज्या वस्तूला किंमत लागते ती माणूस जपून वापरतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे, आणि सुरक्षितता ही जपून वापरायची वस्तू नाही. दवाखान्यात केसपेपरचे पैसे वाढले की माणसं ताप अंगावर काढतात, हे आपल्याकडे कुणालाही पटेल.

हे नुसतं कल्पनेतलं भूत नाही. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत गर्दीच्या बऱ्याचशा हवाई क्षेत्रात उडणाऱ्या विमानांना एडीएस-बी नावाचं यंत्र सक्तीचं झालं. विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे, हे ते यंत्र सतत सांगत राहतं, म्हणजे टक्कर टळते. मालकांनी पदरचे हजारो डॉलर घालून ते बसवलं, सुरक्षेसाठी म्हणून. आणि आता काही विमानतळ त्याच संदेशावरून कोण किती वेळा उतरलं ते मोजून छोट्या विमानांना उतरण्याचं बिल पाठवू लागले आहेत. शिकाऊ पोरं एका तासात सहा-सहा वेळा उतरून पुन्हा उडतात, तोच तर सराव. प्रत्येक उतरण्याला पैसे लागले तर सराव कमी होणार. यावर बंदी आणणारं विधेयक २०२५ मध्ये काँग्रेसमध्ये मांडलं गेलं. विधेयकाचं काय होईल ते होवो, पण ज्या यंत्राने जीव वाचवायचा त्यालाच वसुली कारकून करून ठेवलं, हे मनाला लागतं. उद्या एखाद्याला ते यंत्र बंद करण्याचा मोह झाला तर दोष कुणाला द्यायचा?

आता दुसरा धागा. नियम करणाऱ्या खात्याचा पगार कुणी द्यावा?

"ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी" ही म्हण सरकारी खात्यांनाही लागू पडते. २००८ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे एक प्रकरण गाजलं. साउथवेस्ट एअरलाइन्सची ४६ बोइंग ७३७ विमानं, सांगाड्याला तडे गेलेत का याची सक्तीची तपासणी राहिलेली असताना उडत होती, आणि एफएएच्याच एका पर्यवेक्षकाने ते चालू दिलं होतं. खात्यातल्या निरीक्षकांनीच हे बाहेर काढलं. सुनावणीत एक शब्द फार टोचला: "ग्राहक". खात्याने एअरलाइन्सना ग्राहक म्हणायला सुरुवात केली होती. ज्याला तपासायचं तो ग्राहक झाला की तपासणी गोड होत जाते. आणि हे तेव्हा, जेव्हा पैसे कराच्या रूपाने, सरकारमार्फत येत होते. थेट बिल भरून आले असते तर काय झालं असतं? मोठा ग्राहक मोठा आवाज करतो. महिन्याला कोट्यवधी भरणारा आणि महिन्याला पन्नास डॉलर भरणारा, कुणाचा फोन आधी उचलला जाईल?

याच कारणाने २०१६-१७ मध्ये हवाई नियंत्रण एफएएपासून तोडून स्वतंत्र संस्थेकडे देण्याचा घाट घातला गेला तेव्हा छोट्या विमानवाल्यांनी तो हाणून पाडला. समर्थक कॅनडाचं उदाहरण देत. कॅनडाने १९९६ साली हे काम दीड अब्ज कॅनेडियन डॉलरला एका ना-नफा कंपनीला विकलं, आणि ती कंपनी काही वाईट चाललेली नाही. छोट्या विमानांना तिथे वर्षाची ठरावीक रक्कम असते. पण पुढे मोठ्या विमानतळांवर दिवसाचा वेगळा आकारही आला. शिरकाव एवढाच असतो, बोटाएवढा.

ऑस्ट्रेलियाची रीत अजून वेगळी. तिथे देशांतर्गत उड्डाणांच्या इंधनावर लिटरमागे ३.५५६ सेंटचा अबकारी कर असतो आणि तो नियामक संस्थेलाच मिळतो. २०१० मध्ये तो २.८५४ वरून वाढवला तो नियामकाला जास्त माणसं घेता यावीत म्हणूनच. इथवर मला आवडतं. पण परवाने, मंजुऱ्या यांसाठी तीच संस्था तासावर पैसे घेते. कारकून जितका सावकाश, बिल तितकं मोठं! रिक्षावाल्याने मीटर चालू ठेवून रस्ता विचारत हिंडावं तसं. मोठ्या एअरलाइनला हे जाणवतही नाही, दोन विमानांच्या मालकाचा वर्षाचा नफा त्यात जातो. आणि कोविडमध्ये उड्डाणं थांबली तेव्हा या रीतीची दुसरी बाजूही दिसली. इंधन खपलं नाही म्हणून उत्पन्न आटलं, पण नियामकाचं काम काही आटलं नव्हतं. शेवटी सरकारलाच हात द्यावा लागला.

अमेरिकेत परवाना फुकट आहे, पण खात्याकडे माणसंच पुरेशी नाहीत. त्यामुळे वैमानिकांच्या परीक्षा बहुतांशी खात्याने नेमलेले खाजगी परीक्षक घेतात, आणि त्यांची फी त्यांची ते ठरवतात. आज एका परीक्षेला आठशे-हजार डॉलर सर्रास मागितले जातात, वर महिना-दोन महिने तारीख मिळत नाही. तोवर पोरगं हात साफ राहावा म्हणून पुन्हा पैसे मोजून उडत राहतं. छोटी चार्टर कंपनी काढायची तर मंजुरीच्या रांगेत वर्ष-वर्ष जातं. विमान उभं, हप्ता चालू. म्हणजे नियामकाला पैसे कमी पडले की बचत होते असं नाही. तो खर्च गुपचूप खाली, सगळ्यात अशक्त माणसाच्या खिशात सरकतो. आपल्या सोसायटीत झाडूवाल्याचा पगार वाचवला की प्रत्येकाच्या घरी डासांची औषधं येतात, तसंच.

आणि पैसे थांबले की काय होतं तेही पाहिलंय. २३ जुलै ते ५ ऑगस्ट २०११, काँग्रेसने मुदतवाढ दिली नाही म्हणून एफएएचा काही कारभार ठप्प झाला. जवळजवळ चार हजार कर्मचारी बिनपगारी घरी बसले. विमानतळ तपासणारे चाळीसेक निरीक्षक पगाराविना कामावर राहिले आणि प्रवासाचा खर्च स्वतःच्या क्रेडिट कार्डावर करत राहिले. तिकिटावरचा कर त्या दोन आठवड्यांत वसूल करता येत नव्हता, तर बहुतेक एअरलाइन्सनी तेवढंच भाडं वाढवून फरक खिशात घातला! २०१३ मध्ये खर्चकपातीत १४९ छोटे टॉवर बंद करायचं ठरलं होतं. मोठ्या विमानतळांवर एअरलाइन्सना उशीर होऊ लागला तेव्हा आठवड्याभरात कायदा करून पैसे सापडले, आणि त्या पैशांत टॉवरही वाचले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, इथे सुक्याबरोबर ओलंही वाचलं. २०२५ मध्ये तसं झालं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली ४३ दिवसांची सरकारबंदी, कंट्रोलर बिनपगारी, माणसं कमी पडू लागली. चाळीस मोठ्या विमानतळांवर उड्डाणं कमी करायचे आदेश निघाले, आणि बारा विमानतळांवर खाजगी विमानांना जवळजवळ मज्जाव झाला. जागा कमी पडली की आधी कुणाला उठवतात हे एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला सांगायला नको.

आता माझं मत. छोट्या विमानवाल्यांनी नुसतं "शुल्क नको, शुल्क नको" म्हणत बसू नये. १९.३ सेंटचा आकडा १९९७ नंतर बदललेला नाही. एवढ्या वर्षांत महागाई साधारण दुप्पट झाली, म्हणजे हा कर खऱ्या अर्थाने निम्म्यावर आला आहे. तिकिटावरचा कर टक्क्यांत असल्यामुळे भाडं वाढलं की तो आपोआप वाढतो, हा सेंटमध्ये असल्यामुळे तिथेच गोठला. मग कोणी "तुम्ही तुमचा वाटा उचलत नाही" म्हटलं तर उत्तर देताना जीभ अडखळते. कर महागाईला बांधा, आणि इथवरची तूट दोन-तीन टप्प्यांत भरून काढा. १९.३ चे चाळीस सेंट झाले तर सेसना १७२ चं तासाचं भाडं पावणेदोन डॉलरने वाढेल. एका कॉफीत भागतं. हे मी एकटाच म्हणतोय असंही नाही. २००७ च्या प्रतिनिधी सभेच्या विधेयकात अ‍ॅव्हगॅसवर २४.१ आणि जेट इंधनावर ३५.९ सेंट होते, शुल्क नव्हतं, आणि वैमानिकांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने त्याला पाठिंबा दिला होता. द्यायची तयारी होती. २०१२ मध्ये शेवटी कायदा झाला तेव्हा शुल्कही आलं नाही आणि वाढही आली नाही. प्रश्न पुढे ढकलला गेला, आणि ढकललेले प्रश्न वाढलेल्या व्याजासकट परत येतात.

हा तोडगा कायमचा नाही, हेही मान्य. युरोपात २०२० मध्ये पिपिस्ट्रेल कंपनीच्या विजेवर उडणाऱ्या शिकाऊ विमानाला मान्यता मिळाली. विजेची विमानं वाढली की पंपावर कर कुणाकडून घेणार? तेव्हा चार्जिंगवर घ्या, किंवा विमानाच्या वजनावर वार्षिक कर घ्या. पण बोलण्यावर, विचारण्यावर, मदत मागण्यावर आणि उतरण्यावर घेऊ नका. आणि नियम-तपासणीचं जे मूळ काम आहे त्याचा खर्च सर्वसाधारण तिजोरीतूनच व्हावा. डोक्यावरून जाणारं विमान डोक्यावर पडू नये, हा फायदा विमानात न बसणाऱ्यालाही मिळतोच की.

तिकडच्या मंडळींसाठी थोडं आपल्याकडचं. भारतात विमानाचं इंधन अजून जीएसटीबाहेर आहे, राज्यं त्यावर व्हॅट लावतात, आणि तो टक्क्यांत. म्हणजे तेल महागलं की करही वाढतो, विमानवाल्याला दोन्हीकडून मार. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगड भागात तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. टर्बोप्रॉप विमानांच्या इंधनाला केंद्रीय विक्रीकर कायद्यात आधीपासूनच सवलत आहे, आणि 'उडान' योजनेत छोट्या विमानतळांवर हा कर १ टक्क्यावर आणला गेला. हे चांगलंच झालं. तरीही २०१७ च्या डिसेंबरात जळगाव-मुंबई, नाशिक-पुणे अशी छोटी विमानं सुरू झाली ती फार काळ टिकली नाहीत. कर कमी केला की सगळं सुटतं असं नाही, मुंबईत उतरायला वेळही मिळावी लागते.

पण मला टोचतं ते वेगळंच. हा व्हॅट राज्याच्या तिजोरीत जातो. त्यातला रुपया धावपट्टीवर किंवा तपासणीवर खर्च झालाच पाहिजे असं काही नाही. आणि तपासणी करणारं डीजीसीए केंद्राच्या अर्थसंकल्पाकडे तोंड करून बसलेलं. संसदेच्या स्थायी समितीने २०२५ मध्ये दाखवून दिलं की तिथली निम्म्याच्या आसपास पदं रिकामी आहेत. २०१३ मध्ये स्वतःच्या शुल्कावर चालणारं स्वतंत्र प्राधिकरण आणायचं विधेयक आलं होतं, ते लोकसभेबरोबर विरलं. स्वायत्तता हवीच, पण ती ग्राहकांच्या बिलांवर उभी राहू नये असं मला वाटतं. विमानाच्या इंधनावर आपण एवढा कर घेतोच आहोत, त्यातला ठरलेला हिस्सा कायद्याने या कामासाठी बाजूला का काढू नये? गोंदियात, बारामतीत, धुळ्यात पोरं शिकतायत. घरच्यांनी जमिनी गहाण टाकून पाठवलेली असतात त्यातली कितीतरी. त्यांचा परवाना, त्यांच्या विमानाची तपासणी, त्यांच्या शाळेची पाहणी एखाद्या रिकाम्या खुर्चीपाशी अडकते तेव्हा त्याचं भाडं तीच पोरं भरत असतात.

काकांना एवढंच सांगायचंय की कर घ्या हो, जरा जास्तच घ्या. फक्त ढगात सापडलेल्या पोराने रेडिओचं बटण दाबताना खिसा चाचपायला लागू नये, अशा ठिकाणी घ्या.